गुढीची गाठ

फाल्गुनातील अमावास्येच्या संध्याकाळी बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील आठव्या क्रॉसच्या रस्त्यावर पाऊल टाकावयास जागा राहत नाही. पदपथाच्या दोन्ही बाजूंना आंब्याच्या डहाळ्यांचे भारे पाणी शिंपडून रचलेले असतात. त्यांच्या शेजारी कडुनिंबाच्या फांद्या. काही कोवळ्या तांबूस पानांच्या, काही बारीक पांढऱ्या फुलांनी लवलेल्या. शेवंतीची आणि मोगऱ्याची माळ येथे 'मोळा'वर विकली जाते. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. विकणारीचा हात आखूड असेल तर गिऱ्हाइकाचे नुकसान ठरलेले; ते दोघींनाही ठाऊक असल्यामुळे शेवटी वीतभर तुकडा वर मिळतो. गुळाच्या ढेपा, कैऱ्या, केळीची पाने आणि नारळ यांच्या राशींतून वाट काढीत माणसे घरी परततात. मराठी माणसाचा पाडवा आणि कन्नड माणसाची युगादी यांची सामग्री अशी एकाच टोपलीतून येते. टोपली पाहून घर कोणत्या भाषेचे, हे सांगता येत नाही.

ते कळते दुसऱ्या दिवशी सकाळी. आंब्याचे तोरण दोन्ही घरांच्या दारांवर असते, उंबऱ्याशी रांगोळी दोन्हीकडे असते, अभ्यंगस्नान दोन्हीकडे झालेले असते. परंतु कन्नड घरी गुढी उभारीत नाहीत. म्हणून एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरील सज्ज्यातून वेळूची काठी बाहेर झुकलेली असावी, तिच्या शेंड्याला रेशमी वस्त्र आणि उपडा गडू असावा, आणि ते पाहून खालून जाणारा अनोळखी माणूस क्षणभर थबकावा, असे घडते. तो थबकणारा मराठी असतो. वर कोण राहते, हे विचारावयाचे त्याला कारण पडत नाही.

मराठी या शहरात अलीकडे आलेली नाही. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांच्या वंशजांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' रचिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. संस्कृत चंपूच्या शेवटी निरनिराळ्या भाषांतील कविता मांडणारा हा ग्रंथ भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. एका दरबारात इतक्या भाषांनी शेजारी शेजारी बसावे, याचे त्या काळी कोणास नवल वाटले नसावे. पुढे १६६९ साली शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी मल्लेश्वरमच्या मल्लिकार्जुनाच्या देवळास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा शिलालेख आहे. आज हे देऊळ 'काडु मल्लेश्वर' या नावाने ओळखले जाते. कन्नडात काडु म्हणजे रान. मराठी कानाला मात्र तेथे कडू हा शब्द ऐकू आल्यासारखा होतो. दान दिलेल्या गावाच्या नावात 'मेदर' हा शब्द आहे, आणि मेदर म्हणजे वेळूचे काम करणारा. १६८७ साली शहर वडियारांकडे गेले. राज्य गेले तरी शिंपी, रंगारी, भावसार, देशस्थ अशी घरे राहिली, आणि त्यांच्यात पुढे नोकरीनिमित्त आलेल्यांची भर पडत गेली.

खुद्द 'गुढी' या शब्दाची गोष्टही अशीच दोन घरांत वावरणारी आहे. आजच्या कन्नडात 'गुडि' म्हणजे देऊळ. परंतु जुन्या कन्नड काव्यात गुडि हा शब्द ध्वज या अर्थानेही येतो, आणि नगर शृंगारण्याच्या वर्णनात 'गुडि-तोरण' अशी जोडी आढळते. मराठीत हाच शब्द ज्ञानेश्वरीपासून विजयाच्या आणि आनंदाच्या खुणेसाठी वापरला गेला आहे. कन्नडाने शब्द ठेवला आणि काठी सोडली. मराठीने दोन्ही ठेवली. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद पंडितांनी घालावा. घरात हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. काठी असते, वस्त्र असते, गडू असतो. पण ते एकमेकांना बांधावयाचे कोणी?

काडु मल्लेश्वराच्या देवळापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, जुना बंगला पाडून बांधलेल्या एका चारमजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहते. घरातील आजोबा १९७१ साली सांगलीहून आले. एच. एम. टी. या सरकारी उद्योगाने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळांचा कारखाना सुरू केला होता. त्यात त्यांना नोकरी लागली. पस्तीस वर्षे त्यांनी डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या कमानी बसविल्या. २०१६ साली केंद्र सरकारने हा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला तेव्हा ते निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. त्या दिवशी त्यांनी मनगटावरील घड्याळाला नेहमीप्रमाणे किल्ली दिली. त्याविषयी ते काही बोलले नाहीत.

वर्षातून एकदा हे घड्याळजी पंचांग वाचीत. पाडव्याला पूजा आटोपली की पाटावर बसून संवत्सराचे नाव, पाऊसपाण्याचे फळ, धान्याचा भाव असे सारे ते खणखणीत आवाजात वाचून दाखवीत. शेजारचे कन्नड गृहस्थ त्यांचे पंचांग घेऊन येत, आणि दोघे पडताळा पाहत. शालिवाहन शक एकच, अमान्त महिने एकच, साठ संवत्सरांची नावे एकच. दोघांचे जमत नसे ते फक्त पावसाच्या बाबतीत. घड्याळ दिवसाला काही सेकंद चुकले तर माणूस कारखान्याला पत्र लिहितो, पण चंद्राचे वर्ष तीनशे चोपन्न दिवसांचे म्हणून पंचांग दर तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सबंध महिना मध्ये घुसविते आणि कोणी तक्रार करीत नाही, हा त्यांचा ठरलेला विनोद होता. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा तो त्यांनी शेवटचा केला. शके १९४५ च्या पौषात, म्हणजे २०२४ च्या जानेवारीत, ते गेले.

त्या वर्षी अर्थातच गुढी उभारली गेली नाही. तोरणही लागले नाही. शेजारच्या घरातून होळिगे आली, ती देवापुढे न ठेवता तशीच खाल्ली गेली. नेहमी कपाटामागे फडक्यात गुंडाळून ठेवलेली गुढीची काठी मात्र उन्हाळ्यात कोणीतरी सज्ज्यात आणली, आणि दोन खिळ्यांवर आडवी टाकून तिच्यावर धुणे वाळत घालू लागले. हे कोणी केले, याचा उच्चार घरात झाला नाही. आजींनी ते पाहिले होते. त्यांनी स्वतःचे लुगडेही त्याच काठीवर वाळत घातले. वर्षश्राद्ध झाले, पुन्हा फाल्गुन आला, आणि काठी तेथेच होती.

घरातली सूनबाई मंड्याकडची, कन्नड. लग्नाला बारा वर्षे झाली. ती सासूला कन्नड रिवाजाप्रमाणे 'अत्ते' म्हणते, आणि आजी तिच्याशी मराठीत बोलतात. ती मराठीत उत्तर देते; अडली की क्रियापद कन्नडात टाकते, आणि आजींनाही ते समजते. दहा वर्षांची नात सांगलीच्या चालीने 'आजी' म्हणू लागते आणि मध्येच मंड्याच्या चालीने 'अज्जी' म्हणते. एका व्यंजनाच्या द्वित्वाएवढेच त्या घरातल्या दोन भाषांतले अंतर आहे, असे एखाद्या भाषाशास्त्रज्ञाला वाटेल. स्वयंपाकघरात ते थोडे अधिक आहे.

आजींची पुरणपोळी हरभऱ्याच्या डाळीची, कणकेची, पोळपाटावर लाटलेली. सूनबाईच्या माहेरची होळिगे तुरीच्या डाळीची. पातळ भिजवलेल्या मैद्याच्या पारीत पुरण भरून ती तेल लावलेल्या केळीच्या पानावर हाताने थापतात. पुरण वाटण्यापूर्वी निथळलेल्या पाण्याची एकीकडे कटाची आमटी होते, दुसरीकडे ओब्बट्टिन सारु. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आजी आंबेडाळ आणि पन्हे करीत. रामनवमीला सूनबाई कोसंबरी आणि पानक करी. भिजवलेली डाळ, कैरी आणि ओले खोबरे यांत फरक एवढाच, की एकीकडे डाळ वाटतात आणि दुसरीकडे अख्खी ठेवतात. फोडणीत टाकावयाच्या पानाला मराठीने कढीलिंब म्हटले, कन्नडाने करिबेवु. चवीचे हे पान ओळखण्यासाठी दोन्ही भाषांना कडू झाडाचेच नाव आठवले. या सर्व बाबतींत सासूसुनेने गेल्या बारा वर्षांत मुकाट्याने तह केला होता. तह झाला नव्हता तो पाडव्याच्या कडूपणाबाबत.

सूनबाईच्या घरी युगादीला 'बेवु-बेल्ल' देतात, म्हणजे कडुनिंबाची फुले आणि गूळ. फुले नाजूक, गुळाच्या खड्यात दोन-चार चुरगळली की कडूपणाची नुसती आठवण जिभेवर राहते. वरच्या मजल्यावरून तेलुगू शेजारीण दर वर्षी वाटीभर पच्चडि पाठविते. तिच्यात फुलांबरोबर गूळ, चिंच, कैरी, मीठ आणि तिखट असे सहाही रस असतात. आजींच्या घरची रीत या दोन्हींहून करडी. कोवळी पाने, ओवा, चिंच, हिंग, मिरे, मीठ, आणि शेवटी गुळाचा एक लहान खडा, तोही नाइलाजाने घातल्यासारखा. ती गोळी चावून खावयाची. गिळून टाकणे ही लबाडी समजली जाई. नव्या सुनेने पहिल्या पाडव्याला ती गोळी तोंडात धरून न्हाणीघर गाठले होते, आणि आजोबा हसले होते. आजी हसल्या नव्हत्या.

वर्षाच्या आरंभी कडू खाण्याची कल्पना केवळ आपली आहे, असे नाही. यहुदी लोक वसंतातील वल्हांडणाच्या भोजनात कडू पाला गोड चटणीत बुडवून खातात. तेथे कडूपणा मागच्या दास्याची आठवण करून देतो, म्हणजे त्याचे तोंड भूतकाळाकडे आहे. आपल्या पाडव्याचा कडूपणा अजून न घडलेल्या गोष्टींसाठी आहे. जे येणार त्याची चव आधीच पाहून ठेवावी, म्हणजे ते आले असता अनोळखी वाटणार नाही, असा काहीसा हिशेब त्यात असावा. मराठी घरात जन्मून कन्नडात लिहिलेल्या द. रा. बेंद्रे यांची युगादीवरील कविता १९६३ सालच्या 'कुलवधू' या चित्रपटामुळे घरोघर पोहोचली, आणि कर्नाटकात आजही त्या दिवशी सर्वत्र ऐकू येते. ऋतू परत येतात आणि माणसाचे आयुष्य परत येत नाही, ही त्या कवितेमागची खंत. सूनबाईला ती पाठ आहे. त्या पाडव्याला ती तिने गुणगुणली नाही.

पाडवा ३० मार्च २०२५ रोजी, रविवारी होता. शके १९४७, विश्वावसु संवत्सर. आठवडाभर आधी मुलाने जेवताना विषय काढला. बाजारात हल्ली हातभर उंचीच्या तयार गुढ्या मिळतात. खाली ठोकळा, वर चमकता कापडाचा तुकडा, इवलासा गडू चिकटविलेला. देव्हाऱ्याशेजारी ठेवता येते, बांधाबांध नको. त्याच्या बोलण्यात गैर काही नव्हते. वडील असताना दर वर्षी त्याने काठी धरली होती. गाठ मारण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आजी लगेच म्हणाल्या, "आण. तेवढीच पुरे." त्यांच्या या होकाराने सूनबाईने पानावरून मान वर केली. ज्या बाईने बारा वर्षे गुळाचा खडा मोठा होऊ दिला नव्हता, तिने गुढीच्या बाबतीत इतक्या सहज माघार घ्यावी, हे तिला रुचले नाही. ती त्या वेळी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी धुणे तिने खुर्च्यांवर वाळत घातले, आणि काठी पुसून भिंतीशी उभी केली.

अडचण निघाली ती गाठींची. साखरेच्या गाठींची माळ आजोबा दर वर्षी सांगलीहून मागवीत. या वेळी ती मागवावयाचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही, आणि बंगळूरच्या बाजारात ती सहज मिळत नाही. शनिवारी रात्री, चक्का टांगून झाल्यावर, सूनबाईने माहेरून आणलेले लाकडी साचे पाण्यात भिजत घातले. मंड्याकडे संक्रांतीला तीळगुळाबरोबर 'सक्करे अच्चु' वाटतात. पोपट, हत्ती, मासा, तुळशीवृंदावन अशी साखरेची चित्रे. तिने साखरेचा पाक उकळून दुधाने त्याची मळी काढली, कडा पांढुरक्या होईतो तो घोटला, आणि दोन फाळक्यांच्या साच्यांना दोरा बांधून आत ओतला. ओतण्यापूर्वी प्रत्येक साच्यातून तिने एक सुती दोरा आरपार ठेवला. दहा मिनिटांनी साचे उघडले तेव्हा एका दोऱ्यावर सात पोपट आणि एक हत्ती ओवला गेला होता. नातीने त्याला 'पोपटांच्या गाठी' हे नाव देऊन टाकले. आजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, माळ पाहिली, आणि एवढेच म्हणाल्या, "हत्ती मधोमध हवा होता." त्यांनी त्या रात्री बऱ्याच उशिरापर्यंत दिवा ठेवला होता.

रविवारी पहाटे अभ्यंग झाले. नातीने आंब्याची पाने देठाशी दुमडून सुतळीत ओवली. दोन पानांमध्ये एक कडुनिंबाची डहाळी, ही तिची स्वतःची भर. उंबऱ्याशी सूनबाईने ठिपक्यांची रंगवल्ली काढली. तिच्या एका कोपऱ्यात आजींनी, जणू सहज, चैत्रांगणातली गौरीची पावले उमटविली. इमारतीसमोरच्या करंजाला नवी पालवी आली होती. तिच्यामुळे सज्ज्यात पडणारा उजेडही हिरवट दिसत होता. काठी धुऊन हळदकुंकू लावून तयार ठेवली होती. जरीच्या काठाचे हिरवे वस्त्र, पितळी गडू, निंबाची डहाळी, शेवंतीची माळ आणि पोपटांच्या गाठी ताटात होत्या.

सूनबाईने वस्त्राच्या निऱ्या केल्या, काठीच्या शेंड्याला लावल्या, दोरा गुंडाळला आणि गडू उपडा घातला. काठी उभी करताच गडू एका अंगाला कलला आणि निऱ्या सुटल्या. दुसऱ्या वेळी तिने दोरा घट्ट आवळला. वस्त्र राहिले, पण गडू फिरत खाली आला. तो मुलाने वरच्यावर झेलला नसता तर खालच्या रस्त्यावर गेला असता. "मामा कसे बांधायचे?" तिने नवऱ्याला विचारले. त्याला सांगता येईना. तो चोपन्न वर्षे जुन्या काठीकडे पाहत उभा राहिला. मग ती आजींकडे वळली. "अत्ते, इदु हेगे कट्टोदु? तुम्ही सांगा."

आजी आत, पडद्याच्या अलीकडे बसल्या होत्या. नवरा गेलेल्या बाईने गुढीला हात लावू नये, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगावे लागत नाही, ते लहानपणापासून पाहिलेले असते. त्यांनी जागेवरून सांगावयास सुरुवात केली. आधी शेंड्याला ओल्या फडक्याची चुंबळ करावयाची, म्हणजे गडू तिच्यावर बसतो. निऱ्या उलट्या धरावयाच्या. दोरा आधी निऱ्यांवरून, मग काठीखालून, मग पुन्हा वरून, आणि टोक ओढून घेऊन ते शेवटी डहाळीच्या देठात अडकवावयाचे. सांगताना त्यांचे हात हवेत तसे फिरत होते. सूनबाईने तसे केले. "वरून नव्हे, खालून," आजी म्हणाल्या. तिने खालून घेतले. "अग, खालून म्हणजे तुझ्या बाजूने खालून." तिने हात थांबविले आणि निऱ्या तशाच धरून म्हणाली, "माझ्या दोन्ही हातांत कापड आहे, अत्ते. गंटु तुम्ही मारा."

कन्नडात गंटु म्हणजे गाठ. संस्कृत ग्रंथीशी त्याचे नाते सांगितले जाते, आणि मराठी गाठ तर तेथूनच आली आहे. ज्याला आपण ग्रंथ म्हणतो तोही त्याच धातूपासून निघालेला. पूर्वी पोथीची पाने बांधून ठेवीत. साहित्याच्या अभ्यासकाला परंपरा म्हटले की आधी पोथ्या आठवतात, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु कित्येक गोष्टी कोणत्याही पोथीत उतरत नाहीत. त्या बोटांना ठाऊक असतात; बोटे गेली की त्या दुसऱ्या कोणाच्या तरी बघण्यात उरतात, आणि ते बघणारे माणूस मागू तेव्हा मिळेल याची खात्री नसते. आजींनी ती गाठ आयुष्यात कधी मारली नव्हती. ती मारली जाताना मात्र त्यांनी पन्नासहून अधिक वेळा पाहिली होती.

त्या उठल्या. पडदा बाजूला सारून सज्ज्यात आल्या. सुनेच्या हातांतल्या निऱ्यांवरून त्यांनी दोरा घेतला, काठीखालून काढला, पुन्हा वर आणला, आवळला, आणि टोक निंबाच्या देठात अडकविले. नंतर गडू बसवून त्यांनी तो तळहाताने एकदा दाबून पाहिला, घड्याळाची काच बसली की नाही हे पाहण्याची आजोबांची जी लकब होती अगदी तशी. मुलाने काठी कठड्याला बांधली. गडू हलला नाही. आजी लगोलग आत निघून गेल्या, आणि पूजा सूनबाईने केली.

पंचांग कोणी वाचावे, हा प्रश्न शेजारच्या गृहस्थांनी सोडविला. ते नेहमीच्या वेळी कन्नड पंचांग घेऊन आले, समोरच्या रिकाम्या पाटाकडे पाहून क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी संवत्सराचे फळ कन्नडात वाचले. नातीने मराठी पंचांगावर बोट ठेवून पडताळा पाहिला. पावसाच्या बाबतीत या वेळीही जमले नाही. मग श्रीखंड, पुरी, कैरीचे चित्रान्न, आणि होळिगे. ती केळीच्या पानावर थापलेली पण हरभऱ्याच्या डाळीची होती. त्याआधी दोन वाट्या फिरल्या. एकीत निंबाची फुले आणि गूळ, दुसरीत आजींनी पहाटे वाटलेल्या गोळ्या. सूनबाईने गोळी घेतली आणि पूर्ण चावून खाल्ली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते कशाने, हे कोणी विचारले नाही. आजींनी दुसऱ्या वाटीतील चिमूटभर फुले गुळासकट तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "हे तर गोडच आहे." थोड्या वेळाने त्यांनी आणखी चिमूटभर घेतली.

सूर्यास्तापूर्वी गुढी उतरविली. नात दोरा ओढू लागली तेव्हा आजी आतून म्हणाल्या, "ओढू नकोस, सोड. ओढला तर पुढच्या वर्षी त्याच जागी तुटेल." मुलीने टोक देठातून काढले, आणि गाठ आपोआप सैल झाली. ती कशी सैल झाली हे तिने दोनदा उलटसुलट करून पाहिले. पोपट वाटले गेले. दोन तिने कागदात बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी मंड्याच्या आजोळी 'होस तोडकु'च्या जेवणाला जावयाचे होते, आणि ते तेथे द्यावयाचे होते. वस्त्र घडी करून कपाटात गेले. गडू घासून पाण्याने भरून पुन्हा देव्हाऱ्यापाशी ठेवला.

मंगळवारी सूनबाईने आठव्या क्रॉसवरून दहा मीटर दोरी आणली आणि सज्ज्यात दोन खिळ्यांना ताणून बांधली. त्या दिवसापासून धुणे दोरीवर वाळते. काठी फडक्यात गुंडाळून कपाटामागे, तिच्या जागी आहे.